मुलांना गाडी शिकवताय? आधी त्यांची नजर कुठे आहे ते पाहा

प्रश्न असा आहे: ‘मुलीला नुकताच शिकाऊ परवाना मिळाला. मी स्वतः बरीच वर्षं गाडी चालवतोय, पण तिला शिकवायला शेजारी बसलो की दहा मिनिटांत माझा आवाज चढतो. ती रडकुंडीला येते, मी घामाघूम होतो. आता ती म्हणते, ड्रायव्हिंग स्कूललाच जाते. गाडी शिकवणं हे आईबापांचं काम आहे का? असेल तर ते कसं करावं?’

तिला ड्रायव्हिंग स्कूलला जरूर पाठवा. पण तेवढ्यावर तुमची सुटका झाली असं समजू नका. क्लच, गिअर, स्टिअरिंग, रिव्हर्स, पार्किंग आणि परीक्षेपुरते नियम प्रशिक्षक तुमच्यापेक्षा चांगले शिकवेल. त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, त्यामुळे त्याला ओरडावं लागत नाही. शिवाय ती त्याची मुलगी नाही, हाही मोठा फायदा. पण त्याच्याकडे वेळ मोजका असतो. रस्ता वाचायची सवय मोजक्या तासांत लागत नाही. त्यासाठी भरपूर किलोमीटर लागतात आणि ते फक्त घरचा माणूस देऊ शकतो. मी व्यवसायाने प्रशिक्षक आहे, तरीही हे सांगतो.

पालक म्हणून तुम्हाला भीती वाटते ती आत्ताची, ती गाडी कुठे घालेल याची. खरा धोक्याचा काळ नंतर येतो. अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या ९० मुलांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून केलेला एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. शिकाऊ परवान्याच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या तुलनेत, पक्का परवाना मिळाल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत त्या मुलांचे अपघात आणि थोडक्यात हुकलेले प्रसंग यांचं प्रमाण आठपट होतं. मुलं तीच होती आणि हातपाय आधीपेक्षा सरावलेलेच होते. शेजारचं मोठं माणूस तेवढं उतरलं होतं. तो माणूस उतरताना त्याच्याबरोबर दोन डोळे उतरतात आणि मर्यादेत राहण्याचं एक कारणही उतरतं. त्यामुळे शेजारी बसलेले असताना तुमचं मुख्य काम गाडी वाचवणं नाही. ते डोळे तिच्याकडे सोपवणं हे काम आहे.

नवशिक्या माणसाची नजर कुठे असते, हा प्रश्न संशोधकांनी फार पूर्वी तपासला आहे. १९७२मध्ये मूरंट आणि रॉकवेल यांनी नव्या आणि जुन्या चालकांच्या डोळ्यांची हालचाल नोंदवली. नवे चालक गाडीच्या जवळचा रस्ता जास्त पाहत होते आणि आरशांकडे कमी वळत होते. अनुभवी चालकांची नजर लांबवर होती. आजही शिकाऊ मुलाच्या शेजारी बसलं की हेच दिसतं. बॉनेटच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरवर डोळे खिळलेले असतात. मग गाडी रस्त्यात डुलते, कारण जवळ पाहून स्टिअरिंग धरणारा सतत दुरुस्त्या करत राहतो. पालक म्हणतात, ‘सरळ चालव ना!’ त्याऐवजी ‘तो लांबचा सिग्नल बघ, त्याच्याकडे जायचंय’ एवढं म्हणा. गाडी बहुतेक वेळा आपोआप सरळ होते. खड्ड्याकडे बघत राहिलं तर गाडी खड्ड्यातच जाते, हेही त्याच जातीचं. जिकडे डोळे, तिकडे हात.

आता तुमच्या ओरडण्याबद्दल. माझ्या मते ते स्वभावातून कमी आणि उशिरातून जास्त येतं. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर कापते. पुढे उभ्या गाडीचं दार उघडतंय, हे तुम्हाला दिसलं. ‘बघू, तिला दिसतंय का’ म्हणून तुम्ही सेकंदभर थांबलात. बोलण्यात एक सेकंद गेला. तिला कळायला आणि पाय ब्रेकवर जायला आणखी दोन. म्हणजे ५५ मीटर संपले आणि ब्रेक आत्ता कुठे लागायला सुरुवात झाली. हा हिशोब तुमच्या पोटाला कळतो, म्हणून शेवटच्या क्षणी शब्दाऐवजी किंकाळी निघते. उपाय एकच: लवकर बोला. धोका होण्याची नुसती शक्यता दिसली तरी बोला, आणि बोलणं प्रश्नाच्या रूपात असू द्या. ‘त्या उभ्या गाडीत कुणी बसलंय का?’ ‘बसच्या पलीकडून कोण येऊ शकेल?’ ‘मागचा दुचाकीवाला अजून तिथेच आहे का?’ असा प्रश्न आला की ती तिकडे बघते, वेग स्वतःहून कमी करते आणि ते आपण केलं असं तिला वाटतं. तसं वाटणं खरंही असतं.

प्रश्न विचारण्याइतका वेळ नसेल तेव्हा सूचना द्यावीच लागते. त्या सूचनेचे शब्द घरी बसून, गाडी सुरू करण्याआधी ठरवून घ्या. बोलताना आपण ‘थांब’ कशासाठीही वापरतो: ‘थांब जरा, मी सांगतो’, ‘थांब थांब, घाई करू नकोस’. गाडीत हे महाग पडतं. एकदा का ती भर रस्त्यात तुमच्या ‘थांब जरा’वर खरोखरच ब्रेक दाबून उभी राहिली आणि मागच्याने हॉर्नचा सपाटा लावला, की पुढच्या वेळी खऱ्या ‘थांब’ला ती आधी तुमच्याकडे बघेल. म्हणून ‘थांब’ म्हणजे गाडी थांबव, दुसरा अर्थ नाही. वेग कमी करायचा तर ‘हळू’. बाकी सगळ्यासाठी दुसरे शब्द. ‘सांभाळून!’, ‘अगं बघ!’, ‘अरे देवा!’ हे पूर्ण बंद, कारण त्यातून काहीतरी वाईट आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते कळत नाही. वळायचं असेल तर आधी जागा सांगा, मग दिशा: ‘पुढच्या सिग्नलला, डावीकडे’. उलट क्रमाने सांगितलंत तर ‘डावीकडे’ ऐकल्याबरोबर ती पहिल्या मिळालेल्या गल्लीत वळते. आणि तिने ‘इथून उजवीकडे ना?’ असं विचारल्यावर नुसतं ‘हं’ म्हणू नका. पूर्ण शब्द बोला.

चूक झाली की चालत्या गाडीत त्यावर चर्चा नको. चढावर गाडी बंद पडली, मागे रांग लागली, अशा वेळी ‘मी काय सांगितलं होतं तुला’ याचा उपयोग शून्य. हँडब्रेक, न्यूट्रल, चावी, पुन्हा सुरुवात, एवढंच शांतपणे सांगा. मागच्यांना हॉर्न वाजवू द्या. पुढे सुरक्षित जागी गाडी बाजूला लावायला सांगा आणि मग आधी तिला विचारा, ‘काय झालं असं वाटतं?’ बहुतेक मुलांना आपली चूक माहीत असते. ती त्यांच्या तोंडून आली की जास्त टिकते. आणखी एक पथ्य. अभ्यास, मार्क, मोबाइल, खोलीतला पसारा हे विषय गाडीत आणायचे नाहीत. आईबाप शेजारी हक्काचे सापडलेत म्हणून मुलंही कधी कधी पैशांचे विषय काढतात, तेही नाहीत. स्टिअरिंगवर बसलेल्या नवशिक्याला एका वेळी एकच भांडण झेपतं आणि ते रस्त्याशी चालू असतं.

सुरुवात कुठून करायची? चावी देण्याच्या कितीतरी आधीपासून. काही आठवडे गाडी तुम्ही चालवा, तिला पुढे शेजारी बसवा आणि तुम्हाला जे दिसतंय ते मोठ्याने बोला. ‘पुढे सिग्नल बराच वेळ हिरवा आहे, म्हणजे पिवळा होईल, मी आताच पाय उचलतोय.’ ‘त्या गाडीचं पुढचं चाक बाहेर वळलंय, ती निघणार.’ ‘चेंडू आला, म्हणजे मागोमाग मूल येईल.’ ‘उभ्या ट्रकच्या खालून पाय दिसतायत.’ पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं, मुलं हसतात. हसू द्या. नंतर भूमिका बदला: गाडी तुमच्याच हातात, पण बोलायचं तिने. तिला काय दिसत नाही, हे तुम्हाला एकाही ब्रेकचा धोका न पत्करता कळतं. मी शिकवतो त्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित व्यायाम हाच. यात एक अडचण मात्र आहे. मोठ्याने बोलायला लागलात की तुमच्या स्वतःच्या सवयीही उघड्या पडतात. पिवळ्या दिव्यावर वेग वाढवणं, इंडिकेटर न देता लेन बदलणं, सिग्नलला मोबाइल उचलणं, हे सगळं तिने लहानपणापासून मागच्या सीटवरून पाहिलेलं आहे. ते बदलायचं असेल तर याच आठवड्यांत बदला. नंतर तोंडी सांगितलेलं ती ऐकणार नाही, आणि का ऐकावं?

मोकळ्या मैदानातल्या पहिल्या तासांबद्दल फार सांगत नाही, ते प्रशिक्षक करून घेईल. दोनच गोष्टी. बसण्याची जागा नीट लावून घ्या: पाय पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं, आणि हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. नवशिकी मुलं भीतीने पुढे सरकून बसतात, आणि एअरबॅग उघडली तर ते जवळ बसणंच घातक ठरतं. दुसरं, क्लच शिकताना सुरुवातीला अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू देऊ नका. सपाट जागेवर नुसता क्लच सावकाश सोडून बहुतेक गाड्या चालायला लागतात. गाडी कुठे ‘पकडते’ ते पायाला कळलं की निम्मी धास्ती जाते. घरात ऑटोमॅटिक गाडी असेल आणि परवान्याचा नियम आड येत नसेल, तर सरळ त्यावरच सुरू करा. क्लचमध्ये अडकलेलं डोकं रस्ता बघत नाही. गिअर मागाहून शिकता येतो.

तुमच्या सीटवरून तुम्ही काय करू शकता, तेही आधी पाहून ठेवा. हँडब्रेकचा दांडा दोन सीटच्या मध्ये असेल तर तो तुमच्या हाताशी आहे. बटणाचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक असेल तर अनेक गाड्यांत ते बटण ओढून धरल्यावर चालती गाडी थांबते, पण आपल्या गाडीत नेमकं काय होतं ते माहितीपुस्तकात वाचा आणि रिकाम्या मैदानात स्वतः करून पाहा. मागचं दिसण्यासाठी काचेला चिकटणारा जादा आरसा मिळतो, तो तुमच्या बाजूला लावा. स्टिअरिंगला हात घालणं शक्यतो टाळा. दोघं दोन दिशांना ओढतात. आणि तुमचा उजवा किंवा डावा पाय जमिनीवर जोरात दाबला जातोय का, यावर लक्ष ठेवा. तिला ते दिसतं.

एक सराव मात्र पालकांनी आवर्जून करून घ्यावा, कारण परीक्षेत तो क्वचितच पूर्ण ताकदीने होतो: आणीबाणीचा ब्रेक. मोकळी, कोरडी, रुंद, बंद जागा बघा, मागेपुढे कुणी नाही याची खात्री करा आणि ताशी ४० किलोमीटरवरून ब्रेक पूर्ण ताकदीने दाबायला लावा. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेकचा पॅडल पायाखाली थरथरतो, खडखड आवाज येतो. ज्याला हे माहीत नाही तो घाबरून पाय उचलतो आणि नेमका तोच क्षण गमावतो. थरथरलं तरी दाबून ठेवायचं आणि डोळे मोकळ्या जागेकडे न्यायचे, कारण एबीएस चाकं अडकू देत नाही आणि दाबलेल्या ब्रेकमध्येही गाडी वळते. मग हेच ताशी २० वरून करा आणि दोन्ही वेळा गाडी कुठे थांबली ते पावलांनी मोजा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे पुस्तकात वाचून कुणालाच पटत नाही. ते पायी चालल्यावर पटतं.

त्यानंतर खरं काम म्हणजे किलोमीटर आणि त्यातली विविधता. स्वीडनने १९९३मध्ये परवान्याचं वय १८ तसंच ठेवून सरावाचं वय साडेसतरावरून १६वर आणलं. ज्यांनी ही सवलत वापरली त्यांचा सराव सरासरी १२० तासांच्या जवळ गेला. बाकीच्यांचा ५० तासांच्याही आत होता. परवान्यानंतर पहिल्या गटाचे अपघात सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. इतका वेळ देऊ शकणारी घरं मुळातच थोडी वेगळी असतात, हे धरून चालायला हवं. तरीही ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत कमी वयाच्या शिकाऊंना १२० तासांची नोंद का सक्तीची आहे, ते यातून समजतं. तुमच्याकडे नियम काहीही असो, १२० हा आकडा डोळ्यांपुढे ठेवा. मात्र तोच घर ते शाळा रस्ता शंभरदा केला तर ते तास फसवे असतात. पालक नकळत सोपे दिवस निवडतात: पाऊस आहे, आज नको, अंधार पडला, उद्या जाऊ. मग पहिला पाऊस आणि पहिली रात्र ती एकटी भोगते.

म्हणून ठरवून जा. कोरड्यानंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्ता बुळबुळीत होतो, हे शेजारी बसून दाखवा. पुढच्या गाडीपासून कोरड्यात निदान दोन सेकंदांचं अंतर, ओल्यात चार. मोजायचं असं: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला सुरुवात करायची आणि आपली गाडी त्याच खांबापाशी पोचली की थांबायचं. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांकडे न बघता आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेकडे बघायचं आणि दिव्यांचा झोत जितका पोचतो त्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. महामार्गावर पहिल्यांदा जाताना गर्दी नसलेली वेळ निवडा, पण टाळू नका. लेन बदलण्याआधी आरसा बघून झाल्यावर खांद्यावरून एक झटका नजर टाकायची सवय तिथेच लागते, कारण आरशात न दिसणाऱ्या पट्ट्यात अख्खी गाडी मावते.

परवाना हातात आल्यावर बरेच पालक सुटलो म्हणतात. वर दिलेला आठपटीचा आकडा त्याच दिवसापासून सुरू होतो. न्यूझीलंडने १९८७मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला, त्यात नव्या चालकांना रात्री उशिरा एकट्याने आणि मित्रांना घेऊन गाडी चालवायला बंदी होती. पुढे इतर देशांनी ती कल्पना उचलली. तुमच्याकडे कायदा नसेल तर घरात नियम करा. सगळ्यात कडक नियम मित्रांबद्दल असू द्या. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्तासुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१२मध्ये १६-१७ वर्षांच्या चालकांचा हिशोब मांडला. एकट्याने चालवण्याच्या तुलनेत, गाडीत २१ वर्षांखालचा एक प्रवासी असला की चालकाच्या मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी वाढतो, दोन असले की दुप्पट, तीन किंवा जास्त असले की चौपट होतो. ३५च्या पुढचा माणूस बसला असेल तर तोच धोका ६२ टक्क्यांनी घटतो. मुलीला हे आकडे नुसते दाखवा. ‘तुझ्यावर विश्वास नाही का’ या वादाची धार त्याने बरीच जाते, कारण हा हिशोब तिच्या एकटीचा नाही.

पहिले काही महिने मित्र नाहीत, उशिराची रात्र नाही, महामार्गावर एकटीने नाही. मग महिन्यामहिन्याने एकेक सैल करायचं. हे कागदावर लिहा आणि सैल कधी होणार तेही लिहा, नाहीतर तो करार न राहता शिक्षा होते. त्याच कागदावर तुमच्या बाजूचंही एक कलम हवं: तिने कुठूनही, कितीही वाजता फोन करून ‘मला न्यायला या’ म्हटलं तर तुम्ही जाल आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी विचारा. आणि ती गाडी चालवत असेल त्या वेळेत तिला फोन करू नका. ताशी ६० किलोमीटरने जाताना पडद्याकडे टाकलेली दोन सेकंदांची नजर म्हणजे ३३ मीटर आंधळेपणाने जाणं. ‘पोचलीस का’ विचारणारा फोन आईचा किंवा बाबांचा आहे म्हणून ते अंतर कमी होत नाही. पोचल्यावर तिने कळवायचं, एवढं ठरवा.

एकटीला कधी सोडायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. माझी कसोटी अशी: तिला न माहीत असलेल्या भागात, थोड्या गर्दीच्या वेळी, तासाभराचा प्रवास तिने ठरवायचा आणि करायचा. तुम्ही शेजारी बसून एक शब्द बोलायचा नाही, मान हलवायची नाही, रस्ताही सांगायचा नाही. ती चुकली तर चुकू द्या. वळण चुकल्यावर घाबरून अचानक वळते की शांतपणे पुढे जाऊन परत येते, हेच तर पाहायचंय. असे प्रवास वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक रात्री आणि एक पावसात, तुमचा पाय जमिनीवर न दाबला जाता पार पडले की द्या चावी. नसतील पडत तर परवाना खिशात असला तरी आणखी काही आठवडे शेजारी बसा.

आणि तुमचा आवाज हे सगळं करूनही चढतच असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला त्या सीटवर बसवा: तिची आई, मावशी, काका, ज्याचा परवाना पक्का आहे आणि डोकं थंड आहे असा कुणीही. तुम्ही मागच्या सीटवर बसू नका. घरी थांबा.